होडीच्या पॉलिशची मजुरी

एका उन्हाळ्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत होडी राहायला आली. पार्किंगच्या अगदी टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगत, दोन लाकडी ठोकळ्यांवर ती पालथी पडून असे, आणि सेक्रेटरींनी तिला दोन स्कूटर आणि एका सायकलचं भाडं लावलं होतं. पुण्याला समुद्र नाही याची खंत कुणा पुणेकराला वाटलेली मी पाहिली नाही. वाटलीच तर समुद्राला वाटत असेल. त्यामुळे खास होडी बघायला म्हणून कुणी खाली उतरलं नाही. येताजाता मात्र सगळ्यांनीच बघून घेतली.

होडी होती तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची. मुलगा म्हणजे चांगला तिशीतला, चष्मेवाला, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या पगारावर. चार वर्षं अमेरिकेत काढून तो परत आला होता, आणि त्या काळात हेच मोठं आश्चर्य होतं. लोक जायचे, यायचे नाहीत. येताना शिडाच्या होडीचं वेड घेऊन आला आणि इथे कुणाकडून तरी जुनी, चौदा फुटी, फायबरची होडी विकत घेतली. रविवारी खडकवासल्याला जायचा. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं तेव्हा डागडुजीसाठी ती घरी आणली.

डागडुजी म्हणजे तिला भोकबिक पडलं नव्हतं. पाच-सहा उन्हाळे खाऊन अंगावरची चकाकी गेली होती, एवढंच. हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पांढरी पूड लागायची. ती घासून काढायची, मग पॉलिश करायचं, मग वरून मेणाचे दोन हात द्यायचे, म्हणजे पाणी आणि ऊन दोन्ही बाहेरच्या बाहेर राहतं. हे मला आज पाठ आहे. तेव्हा एवढंच कळलं होतं, की माणसाला पैसे जास्त झाले की तो होडीला मेण लावतो.

तेव्हाची मी कशी होते तेही सांगून टाकते, म्हणजे पुढे धक्का बसायचा नाही. पंचेचाळीस वर्षांची, नारायण पेठेत वाढलेली, बँकेच्या कर्ज विभागात. आमच्या शाखेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते. त्यांना काचेची थंडगार खोली होती, आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि संध्याकाळी त्यांच्यावर शिवलेली पांघरुणं घालायचं काम माझ्याकडे होतं. एवढ्या भांडवलावर मी नातेवाइकांत "आमच्या कॉम्प्युटर सेक्शनला ना," अशी वाक्यं सुरू करत असे. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

आमचे हे भंडाऱ्याकडचे, तळ्यांच्या मुलखातले. लहानपण डोंग्यात बसून मासे बघण्यात गेलेलं. पंचवीस वर्षं पुण्यात काढूनही 'बघतो'च्या जागी 'पाहतो' म्हणत, आणि चकित झाले की तोंडातून "अरे बाप्पा" निघे. चिंचवडच्या एका कारखान्यात ते बफिंगचे सुपरवायझर होते. बफिंग म्हणजे धातूचे भाग फिरत्या चाकावर घासून आरशासारखे करणं. तिकडे परदेशी भागीदार आला, मागोमाग नवी यंत्रं आली, आणि ह्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली इच्छा कंपनीची होती.

त्या उन्हाळ्यात हे घरी बसून आठ महिने झाले होते. कंपनीच्या बसच्या वेळेला अजून जाग यायची. उठायचे, दाढी करायचे, बुटांना ब्रश मारायचे आणि बूट पुन्हा कपाटात ठेवून द्यायचे. सोसायटीतले सगळे गळके नळ दुरुस्त झाले होते. न गळणारेही दोन-तीन उघडून झाले होते. आणि मी? मी लोकांना सांगत होते, "ते आता कन्सल्टन्सी करतात." त्या वर्षी कोथरूडमध्ये घरी बसलेला आणि कन्सल्टंट नसलेला माणूस शोधून सापडला नसता. कुणाला कसला सल्ला देतात ते एकमेकांना विचारायचं नाही, असा आम्हा बायकांत न बोलता झालेला करार होता.

तर एका संध्याकाळी मी बँकेतून आले, तो हे होडीपाशी. डोळे मिटून तिच्या पोटावरून तळहात फिरवत होते. शेजारी तिसऱ्या मजल्यावरचा उभा. मुंबईच्या गोदीतल्या एका माणसाला त्याने फोन केला होता. तो म्हणे फुटावर भाव सांगतो, शिवाय ट्रकने न्यायची-आणायची ते वेगळं.

"फुटावर?" मी म्हटलं. "पुढचं नाक धरून की सोडून?"

"धरून, काकू."

"मग आधी नाक कापून घे."

तो हसला. हे हसले नाहीत. डोळे उघडून म्हणाले, "मी करून देतो."

"काका, तुम्ही?"

"आयुष्यभर दुसरं काय केलं? धातू काय नि फायबर काय, घासणं तेच. हाताला गरम लागलं की थांबायचं. तेवढंच शिकायला दहा वर्षं लागतात."

"मग मला एस्टिमेट द्या ना काका. हे नीट झालं तर तिकडे माझ्या मित्रांच्या अजून तीन होड्या आहेत. सगळेच माणूस शोधतायत."

माणूस! तो शब्द मला लागला. आमच्याकडे गिझरला माणूस येतो, गाद्या पिंजायला माणूस येतो. माझा नवरा आता तसला माणूस व्हायला निघाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तर जिलबीचं ताट समोर आल्यासारखा आनंद.

जेवताना मी तोंड उघडलं. "शोभेल का हे? त्याच्या वडिलांच्या वयाचे तुम्ही. खाली बसून त्याची होडी घासणार?"

"बसून नाही, उभ्याने. उंचीला बरोबर आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचे नळ केले तेव्हा काय म्हणाले?"

"अहो, ते फुकट केलेत!"

"अस्सं. म्हणजे फुकट केलं की शोभतं."

यावर मी ताकात मीठ कमी आहे असा शोध लावला. पण खरं सांगू? मला अगदी तसंच वाटत होतं. मी ज्या घरातून आले तिथे पेन धरणाऱ्या हाताला पगार मिळायचा आणि फडकं धरणाऱ्या हाताला चहा आणि दिवाळीची बक्षिशी. हे कुणी शिकवलं नव्हतं. बशीत चहा कुणाला द्यायचा आणि कपात कुणाला, हे जसं न शिकवता येतं, तसंच.

दोन दिवसांनी ह्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेलं एस्टिमेट माझ्यापुढे ठेवलं. तीन ओळी. पहिली सामानाची: पाण्यात भिजवून घासायचा कागद, कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट, लोकरीची चकती, मेणाचे दोन डबे. दुसरी बफिंग मशीनच्या भाड्याची. तिसरी मजुरी, साठ तास, आणि पुढे तासाचा दर. तो दर काढायला त्यांची एक अख्खी सकाळ गेली होती. शेवटच्या पगाराला महिन्याच्या तासांनी भागून, पैशांपर्यंत काढलेला. "कमी नाही, जास्त नाही," ते म्हणाले. "बँकेतून टाइप करून आणशील? जरा बरं दिसेल."

आता गंमत बघा. बँकेत मी दिवसभर दुसऱ्यांची एस्टिमेटंच तपासत असे. त्याच आठवड्यात विश्रांतवाडीच्या एका वेल्डिंगवाल्याला मी परत पाठवलं होतं, कारण त्याच्या कागदावर मजुरीच धरलेली नव्हती. "माणसं काय पुण्य लागावं म्हणून काम करतात का तुमच्याकडे?" असं मी काउंटरवरून विचारलं होतं, मागच्या चार जणांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. त्याच खुर्चीवर बसून मी टाइपरायटरमध्ये कागद सरकवला. वर आमचं नाव टाइप केलं. सामान. मशीनचं भाडं. तिसऱ्या ओळीशी बोटं अडली. आमच्या नावाखाली 'मजुरी' हा शब्द मला दिसवेना. मी दोनच ओळींची बेरीज मारली, खाली दुहेरी रेघ ओढली आणि कागद काढून घेतला.

ह्यांना दाखवलाच नाही. पाकिटात घालून थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. तो फोनवर अमेरिकेशी बोलत होता. कानाला फोन तसाच धरून त्याने पाकीट उघडलं, खालच्या आकड्यावर नजर टाकली आणि अंगठा वर केला. मी खाली आले.

"काय म्हणाला?"

"मान्य आहे म्हणाला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"काही कमी करा वगैरे?"

"नाही हो."

"अरे बाप्पा," हे म्हणाले, अगदी हळू. आणि त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. वाढला मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हे कंपनीचा जुना निळा युनिफॉर्म चढवून खाली हजर. आधी होडी साबणाच्या पाण्याने धुतली. मग तिच्या अंगावर चिकटपट्टीने हातभर रुंदीचे चौकोन पाडले. एका वेळी एक चौकोन. तो संपल्याशिवाय दुसऱ्याकडे पाहायचं नाही. ओल्या कागदाने घासलं की पांढरं पाणी ओघळायचं, ते पुसायचं, बोटाच्या पेराने तपासायचं, पुन्हा घासायचं. रोज काम सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ खिशातल्या छोट्या डायरीत लिहायचे. चहाचे वजा. माझा तो घरभर हिंडणारा, प्रत्येक खोलीत जाऊन काय शोधायला आलो ते विसरणारा नवरा आठ महिन्यांनी एका जागी उभा होता. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "हा चौकोन होऊ दे."

सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "काका काय, आता होडीच्या धंद्यात?"

"छे हो," मी म्हटलं. "छंद आहे. खांद्याला व्यायाम."

"मग आमचीही गाडी आहे म्हणावं. खांदा दुसराही असेल ना?"

मी हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला होता. छंद म्हटलं की लोक काम फुकट मागतात, हे नंतर कळलं.

आणि मग माझ्या कुरडया. दुसऱ्या आठवड्यात मी बँकेत रजा टाकली, कुरडयांसाठी. हसू नका, तेव्हा टाकायचे लोक. पहाटे गव्हाचा चीक शिजवला आणि वर जाते तो गच्चीला कुलूप. टाकीचं काम काढलेलं. चीक काही टाकी होईपर्यंत थांबत नाही. हे मेण आणायला रविवार पेठेत गेले होते. मी पातेलं घेऊन खाली आले, आणि समोर होडी. अर्धी घासून झालेली, स्वच्छ, गुळगुळीत, सकाळच्या उन्हात तापू लागलेली. एवढं मोठं पालथं ताट देवाने दुसरं कशाला पाठवलं असेल? आधी प्लास्टिक अंथरलं, ते वाऱ्याने उडायला लागलं. मग म्हटलं, कशाला हवं प्लास्टिक? आणि सोऱ्या घेऊन बत्तीस कुरडया तिच्या पोटावर रांगेत घातल्या. खालून बघायला फार सुंदर दिसत होतं.

दुपारपर्यंत त्या वाळल्या, आणि वाळता वाळता त्यांनी होडी जी धरली ती सोडेनात. मी नखाने उचकटून पाहिलं, मग वर जाऊन स्टीलचं उलथनं आणलं. एकेक कुरडई सुटत होती आणि तिच्याखाली एकेक चंद्रकोर उमटत होती. पण मला वाटलं, पुसली की जाईल.

हे आले. पिशवी खाली ठेवली. होडीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या उलथन्याकडे पाहिलं.

"किती झाल्या?"

"बत्तीस. चार मोडल्या."

त्यांनी वाकून बोटाने ओरखडे मोजले. "एकोणतीस. म्हणजे तीन तुला चांगल्या जमल्या."

"मी घासू लागते."

"नको," ते युनिफॉर्मची बटणं लावत म्हणाले. "तुझा हात महाग पडतो."

दोन दिवस त्या ओरखड्यांत गेले. मग कंपाउंड, मग मशीन फिरलं, मग मेण. मेण लावलं की आधी धुकं पडल्यासारखं होतं, आणि ते मऊ फडक्याने पुसलं की खालून आरसा निघतो. दुसरा हात पुसून झाला त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचा गुलमोहर होडीच्या अंगावर लाल दिसत होता. मी जवळ गेले तर मीही दिसले. आडवी, पसरट, भलत्याच रुबाबात. हे बाजूला उभे राहून हात पुसत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, कारण कागदावर काय होतं ते मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचा खाली आला तो चेकबुक आणि माझं पाकीट घेऊनच. होडीवरून हात फिरवून ओरडलाच, "काका! ही नवीन आहे!" मग स्कूटरच्या सीटवर चेकबुक ठेवून लिहायला लागला. आकडा बघायला कागद उघडला, आणि थांबला.

"काका, एक विचारू? यात तुमचे तास कुठे आहेत?"

"आहेत की. तिसरी ओळ पाहा."

"दोनच ओळी आहेत, काका."

हे हसतच पुढे झाले. कागद घेतला, हात लांब करून धरला. दोन ओळी वाचायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ते त्या कागदाकडे पाहत राहिले. मग कागदाची घडी घातली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"टायपिंगची चूक झाली असेल," ते म्हणाले. "बँकेत गर्दी असते."

मला वाचवत होते ते. मी गप्प राहिले असते तर तिथेच मिटलं असतं. पण टायपिंगची चूक? माझी? एकोणीस वर्षं नोकरी झाली होती, माझ्या कागदावर मॅनेजर न वाचता सही करत. लोक म्हणतात की खरं बोलायला मोठं मन लागतं. मला तर नुसता गर्व पुरला.

"चूक नाही," मी म्हटलं. "मी गाळली ती ओळ."

"का, काकू?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"तासाचे पैसे मागायची. आपल्या घरातल्या माणसाने."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "पण काकू, मी दुसरं काय करतो? आमची कंपनी माझे तासच विकते तिकडे. दर शुक्रवारी शीट भरून द्यावी लागते, कुठल्या क्लायंटचं काम किती तास केलं. नाही भरली तर मॅनेजर मेल टाकतो. तुमच्यासारखा दोनच ओळींचा कागद दिला ना, तर म्हणेल, तू आठवडाभर करत काय होतास?"

हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होते, कॉम्प्युटरवाल्यांना हुशारीचे पैसे मिळतात. ज्याच्यापुढे आमचा कमीपणा दिसू नये म्हणून मी ओळ गाळली, तो स्वतःच तासांवर होता. तिसऱ्या मजल्यावरची मजुरी आणि पार्किंगमधली मजुरी यांत एका चष्म्याचा आणि अमेरिकेचा तेवढा फरक.

"किती तास झाले, काका?"

ह्यांनी डायरी काढली. "अडुसष्ट. त्यातले नऊ सोड, ते कुरडयांचे."

"कसले?"

"ते घरचं काम आहे."

"बरं, एकोणसाठ. दर सांगा. मी पूर्ण लिहितो."

"नाही," हे म्हणाले. "कागदावर दिलं तेवढंच लिही."

"काका, असं नसतं हो! तुमची काही चूक नाही यात."

"कागद माझ्या घरातून आला ना? मग तो माझाच. तू तो पाहून हो म्हणालास. आता बदलायचा नाही." त्यांनी त्याचा खांदा थोपटला. "कारखान्यात पहिला नग नमुन्यात जातो. हा गेला. पुढच्या होडीला नीट लिहून देतो. तू पुढची आण."

त्याने बराच वाद घातला. शेवटी दोन ओळींचा चेक लिहिला आणि पडलेल्या चेहऱ्याने वर गेला. हे मशीनची वायर गुंडाळायला लागले. मी तिथेच उभी. मला वाटलं होतं, आता रागावतील. पंचवीस वर्षांत रागावले नव्हते, पण आता कारण चांगलं होतं.

घरी येऊन त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आठ महिन्यांत मला कोणी विचारलं नव्हतं, तुमचा भाव काय. मी एक सकाळ घालवून तो काढला. बरोबर आहे का म्हणून दोनदा ताळा केला. आणि तू तो खोडलास."

आवाज चढला नव्हता. मी कर्जाचे कागद नाकारताना लोकांना जी कारणं द्यायचे त्यांतलं एकही इथे चालणार नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." हे वाक्य आमच्या घरात मी तोपर्यंत वापरलं नव्हतं, त्यामुळे उच्चाराला जरा जड गेलं.

त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "लिही."

"उद्या बँकेतून टाइप करून..."

"टाइप नको. इथेच, हाताने. सामान."

मी लिहिलं.

"मशीनचं भाडं."

लिहिलं.

"मजुरी."

लिहिलं.

"जरा मोठं लिही. चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

मी तो शब्द पुन्हा, मोठा गिरवला. मग विचारलं, "दर तोच?"

"तोच."

"वाढवा थोडा. नमुना तर पास झालाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच पाहिलं. "नको," म्हणाले, "आधी दुसरी होडी मिळू दे." पण मिशीत काहीतरी हललं होतं, आणि मी उठून भाताचा कुकर लावला.

दुसरी होडी मिळाली. तिसऱ्या मजल्यावरच्याने पंधरा दिवसांत शब्द पाळला. ही होडी त्याच्या एका डॉक्टर मित्राची होती आणि ती खडकवासल्यालाच काठावर पालथी घातलेली होती. डॉक्टर रविवारी सकाळी तिथे भेटणार होते. मी म्हटलं, मीही येते. कशाला, असं हे म्हणाले नाहीत. मी डबा घेतला, पर्समध्ये तो हाताने लिहिलेला कागद घेतला, आणि आम्ही बसने गेलो. पंचेचाळीस वर्षं पुण्यात काढून मी त्या काठावर एकदाही गेले नव्हते. पाणी लांब आत गेलेलं, काठाची माती भेगाळलेली, आणि तिच्यावर पाच-सहा होड्या वाळत टाकलेल्या वांग्यांसारख्या पालथ्या.

हे लगेच बादलीत पाणी घेऊन होडीच्या पलीकडच्या बाजूला गेले, एक चौकोन घासून पाहायला. डॉक्टर उंच, गोरेपान, पांढरी टोपी घातलेले. मी कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"बाकी ठीक आहे, काकू. मजुरी जरा जास्त वाटते."

मी पर्सचा बंद लावला. "डॉक्टर, सामानात कमी करता येईल. मेण तुमचं तुम्ही आणा. मशीनही आणा. मजुरीत होणार नाही."

"पण साठ तास म्हणजे, नुसतं घासायचंच तर..."

"तुम्ही नाडी किती वेळ बघता?"

"अं? बघतो अर्धा मिनिट."

"नुसती बोटंच ठेवायची तर. फी अर्ध्या मिनिटाची घेता?"

हा मुद्दा नीट पाहिला तर आमच्याच विरुद्ध जात होता, आम्ही तर वेळेचेच पैसे मागत होतो, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. डॉक्टरांना तिथे तेवढाही वेळ मिळाला नाही. त्यांनी मदतीसाठी पलीकडे पाहिलं, पण ह्यांचं फक्त डोकं दिसत होतं, तेही खाली घातलेलं. घासायचा आवाज थांबला होता. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, होडीच्याच पोटावर कागद ठेवला आणि सही केली.

मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. पलीकडून घासायचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि माझी खात्री आहे, मघापेक्षा जरा सावकाश. तासाचे पैसे ठरले होते ना.